रिमोट म्हणजे मास्तर नव्हे

या विषयावर लिहायचं बरेच शनिवार राहून जात होतं. आमच्या छत्रपती संभाजीनगरातही (आमच्या आजीच्या तोंडी अजून औरंगाबादच) मुलांना शाळेतून काढून घरी शिकवणारे आईबाप आता भेटतात. बरेचसे आपल्यासारखेच, लॅपटॉपवाले. माझा होमस्कूलिंगला विरोध नाही. एनआयओएसमधून 14 वर्षं पूर्ण झाली की दहावी देता येते, म्हणजे कागदाचाही प्रश्न नाही. माझं भांडण आहे ते एका वाक्याशी : "इंग्लिश आणि सोशल स्टडीज ना? ते डॉक्युमेंटरीज आणि न्यूजमधून होऊन जातं."

होऊन जातं?? गणित होऊन जात नाही, त्याला क्लास लावता. विज्ञानाला किट मागवता. आणि इतिहास-भूगोल मात्र सोफ्यावर लोळत आपोआप? शाळेत या विषयांची घोकंपट्टी होते म्हणून पोराला बाहेर काढलंत. आता घोकायचंही काम उरलं नाही, नुसतं बघायचं. :)

आपल्या धंद्यातलंच बघा. कोडिंगचे व्हिडिओ बघून प्रोग्रॅमर झालेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. कोड लिहावा लागतो, तो बोंबलावा लागतो, मग रात्री बसून दुरुस्त करावा लागतो. समाजशास्त्राला वेगळा नियम कसा असेल?

'भारत एक खोज'चंच घ्या. श्याम बेनेगलांची 1988 ची मालिका, 53 भाग. जरूर दाखवा. पण ती नेहरूंच्या पुस्तकावर बेतलेली आहे, आणि ते पुस्तक त्यांनी इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं. म्हणजे हा इतिहास कुणीतरी, कुठेतरी बसून, काही निवडून आणि काही वगळून सांगतोय. बीबीसी असो की नेटफ्लिक्स, सगळीकडे हेच. कोण सांगतंय आणि काय राहिलं, हे पोराने विचारलं नाही तर ती निव्वळ करमणूक. करमणूक वाईट नाही, पण तिला अभ्यास म्हणू नका.

आता बातम्या. चॅनेलवरची रात्रीची भांडणं सोडा. 2023 ची जायकवाडीची बातमी घ्या. ऑक्टोबरच्या अखेरीस नाशिक-नगरच्या धरणांतून साडेआठ टीएमसीच्या आसपास पाणी जायकवाडीला सोडायचा आदेश निघाला. वरच्या भागात आंदोलनं, इकडे 'आमच्या हक्काचं पाणी'. त्या आठवड्यातली नाशिकची आवृत्ती, इथली आवृत्ती आणि एक इंग्रजी पेपर पोरासमोर ठेवा. पाणी तेच, आदेश तोच, पण बातम्या किती वेगळ्या! मग विचारा की आदेश कुठल्या कायद्याने निघाला. त्यातून 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा येतो. 2013 च्या मेंढेगिरी समितीचं 65 टक्क्यांचं सूत्र येतं. 2016 चा हायकोर्टाचा निकाल येतो. भूगोल, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र, सगळं एका धरणात. आणि नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे त्याला ठाऊकच आहे, कारण बादल्या तोच भरतो. (भरत नसेल तर आजपासून लावा.)

याच धरणात इंग्रजीही आहे. जायकवाडीत पाण्याचे दोन साठे. एक सुमारे 77 टीएमसीचा लाइव्ह स्टोरेज, दुसरा 26 चा डेड स्टोरेज. पाणी 'लाइव्ह' आणि 'डेड' कसं असतं? हा प्रश्न पोराला पडला की शब्द जन्मभर विसरत नाही. मग पैठणला न्या. नाथसागर बघू दे, मासेमाऱ्याशी मराठीत बोलू दे आणि घरी येऊन एक पान इंग्रजीत लिहू दे. चुका होतील, होऊ द्यात. डेव्हिड ॲटनबरोंचे उच्चार हुबेहूब काढणारी पोरं मला माहीत आहेत. स्वतःच्या गल्लीबद्दल त्यांना दहा वाक्यं लिहिता येत नाहीत. पाहुण्यांना उच्चार आवडतात हो, पण दहावीचा पेपर लिहून द्यायचा असतो.

शेवटचा मुद्दा अंमळ टोचणारा आहे. घरी शाळा काढायची तर कुणीतरी नोकरी सोडते. 'सोडते' लिहिलंय, 'सोडतो' नाही, हे लक्षात आलंच असेल. तीन पेपर जमवणं, आधी स्वतः वाचणं, पोराचं पान तपासणं, पैठणला नेणं हे सगळं ती करते. आणि संध्याकाळी लॉग-ऑफ झालेले बाबा पाहुण्यांना सांगतात, डॉक्युमेंटरीतून होऊन जातं! अहो, तिच्या बारा तासांच्या राबण्याला तुम्ही रिमोटचं बटण म्हणताय. आणि जिथे ती राबत नाही, तुम्हीही राबत नाही, तिथे खरोखरच काही होत नाही.

तेव्हा होमस्कूलवाल्या बाबालोकांनो, पुढचा रविवार तुमचा. एक डॉक्युमेंटरी पोरासोबत पूर्ण बघा, मध्ये फोन न बघता. मग तिच्यातली एक गोष्ट खोडून काढायला सांगा, पुराव्यानिशी, इंग्रजीत, एका पानात. ते पान तुम्ही तपासा. त्याला एक रविवार पुरला, तर मला कळवा.