स्वस्ताईचा हिशेब आणि रायफलीचा चाप

सरकारी खरेदीचा एक जुना दंडक आहे. कसोटीला उतरलेल्यांपैकी ज्याची बोली सर्वांत कमी, त्याला काम. टेबले-खुर्च्या घेताना यात वावगे काहीच नाही. परंतु सैनिकाच्या हाती द्यावयाची रायफल याच तराजूत घातली की सारा भार 'कसोटी' या एका शब्दावर येतो, आणि नेमका तोच शब्द आपल्याकडे सैलपणे वाचला गेला.

'इन्सास' रायफल पुण्याच्या पाषाण येथील संशोधन आस्थापनेत आकाराला आली. ५.५६ मि.मी.चे हलके काडतूस असल्याने जवानाला अधिक गोळ्या बाळगता येणार होत्या. उत्पादन ईशापूर, तिरुचिरापल्ली येथील आपल्याच कारखान्यांत होणार होते. कल्पनेत खोट नव्हती. पण १९९९ साली कारगिलच्या गोठविणाऱ्या थंडीत प्लॅस्टिकची मॅगझिने तडकल्याच्या, ऐन वेळी रायफल अडकल्याच्या तक्रारी आल्या. २००५ साली नेपाळच्या कालिकोट जिल्ह्यात माओवाद्यांनी लष्करी तळावर भीषण हल्ला केला, तेव्हा नेपाळी सेनेनेही याच रायफलीकडे बोट दाखविले. ती नीट हाताळली गेली नसावी, असे भारताचे उत्तर होते.

ते उत्तर खरे असेलही. पण खंदकात तीन दिवस भिजलेल्या जवानाला रायफल पुसायला सवड कोठून मिळणार? देखभाल होणार नाही हे गृहीत धरूनच हे शस्त्र घडवावे लागते. एके-४७चे सारे यश यातच आहे. तिच्या हलत्या भागांत मुद्दाम थोडी मोकळीक ठेवलेली असते. त्यामुळे नेम किंचित कमी अचूक होतो, पण धूळ-काजळी शिरली तरी चाप ओढताच गोळी सुटते. शत्रूच्या हाती अशी रायफल असताना आपल्या जवानाने आपल्या बचतीचे कौतुक करावे काय?

बचत तरी कुठे झाली? इन्सासला पर्याय म्हणून २०११ साली निविदा निघाली. एकाच रायफलीतून दोन प्रकारची काडतुसे झाडता यावीत, अशी त्यात अट होती. ती निविदा २०१५ साली रद्द झाली. (कागदावर सर्वगुणसंपन्न वस्तू मागण्याची आपली हौस जुनीच!) अखेर २०१९ साली अमेरिकी 'सिग ७१६' जातीच्या ७२,४०० रायफली तातडीने घ्याव्या लागल्या. २०२१ साली अमेठीजवळच्या कोरवा येथे सहा लाखांहून अधिक 'एके-२०३' बनविण्याचा पाच हजार कोटींवरचा करार झाला, म्हणजे नगाला ऐंशी हजारांहून अधिक. त्यातील पहिल्या ३५ हजार जुलै २०२४पर्यंत सेनेच्या हाती पडल्या. कारगिल ते कोरवा, मध्ये पंचवीस वर्षे गेली.

यावरून स्वदेशीचा आग्रहच चुकीचा, असा निष्कर्ष काढणारे विद्वान आहेत. त्यांचे निदान उथळ आहे. काडतुसे आणि सुटे भाग ऐन युद्धात परदेशातून मागवावे लागणे, हीदेखील अविश्वसनीयताच होय. मात्र 'आपली आहे' म्हणून शस्त्राला सवलतीचे गुण देणे ही स्वदेशीची सेवा नव्हे.

पाषाणच्या त्याच आस्थापनेने जानेवारी २०२४ मध्ये 'उग्रम' ही ७.६२ मि.मी.ची नवी रायफल पुढे आणली आहे. सोबत हैदराबादचा खासगी उद्योग आहे. तिला सियाचीनच्या बर्फात आणि थरच्या वाळूत झिजेपर्यंत चालवावे. कितव्या गोळीला ती अडकली याची नोंद कारखान्याने नव्हे, वापरणाऱ्या पलटणीने ठेवावी, आणि दराचे पाकीट त्या नोंदीवर सही झाल्यानंतरच उघडावे.