टूरच्या बसखाली उतरलेली अमेरिका

विठ्ठलवाडी, कल्याण पूर्व, डोंबिवली या पट्ट्यात मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असणे आता नवलाचे राहिलेले नाही. आईवडील तिकडे जातात, पाच-सहा महिने राहतात आणि शनिवार-रविवारची वाट बघत बसतात. मधल्या वारी दोघांनीच कुठे जाऊन यावे म्हटले, की घरातूनच नन्नाचा पाढा सुरू होतो. तिथे गाडीशिवाय पान हलत नाही, शाकाहारी माणसाचे हाल होतात, आपल्याआपण फिरणे ही आपल्या माणसांची रीत नव्हे. त्यापेक्षा ग्रुप टूर बरी, बारा दिवसांत सगळे दाखवतात.

यातला ‘सगळे दाखवतात’ हा दावा सर्वांत पोकळ. लास वेगासहून दिवसाभरात ग्रँड कॅन्यन उरकणाऱ्या कित्येक सहली जातात त्या ‘ग्रँड कॅन्यन वेस्ट’ला. काचेचा प्रसिद्ध स्कायवॉक तिथलाच, 2007 साली खुला झालेला. ही जमीन हुआलापाई या मूळ निवासी जमातीची आहे, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेरची. उद्यानाचा पास तिथे चालत नाही. हुआलापाईंनी स्वतःच्या जमिनीवर कमाई केली यात गैर काही नाही. पण फोटो काढून परतलेल्या पाहुण्याने राष्ट्रीय उद्यानात पाऊलही टाकलेले नसते, आणि बहुधा त्याला ते ठाऊकही नसते.

1919 साली घोषित झालेल्या त्या उद्यानाचा साउथ रिम वेगासपासून सुमारे साडेचारशे किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन करायचे तर दिवस बसमध्येच संपतो. मुक्काम केला, तर दरीच्या काठाने फुकट शटल बस फिरते, सकाळचे आणि संध्याकाळचे असे दोन वेगळे उजेड दिसतात, आणि ब्राइट एंजलच्या वाटेने थोडे खाली उतरले की कोट्यवधी वर्षांचे खडकाचे थर हाताला लागतात. सह्याद्रीत भटकलेल्याने एवढेच लक्षात ठेवावे, की इथला हिशेब गडाच्या उलट आहे: आधी उतार, चढण दमल्यावर.

गाडीचा आक्षेप निम्मा खरा आहे. अमेरिकेच्या पश्चिमेत गावोगाव पोचणारी एसटी नाही, आणि कित्येक उद्यानांत गाडी न चालवणाऱ्याचे काही चालत नाही. पण निम्मा खोटाही आहे. कॅलिफोर्नियात मर्सेडपर्यंत रेल्वे जाते, तिथून योसेमिटीच्या दरीत थेट बस आहे. ग्रँड कॅन्यनसाठी विल्यम्स गावातून 1901 साली सुरू झालेली रेल्वे आहे. झायनमध्ये तर 2000 सालापासून हंगामात मुख्य दरीत खासगी गाड्यांनाच मज्जाव असतो. सगळ्यांनी शटलनेच जायचे.

रीत नाही म्हणणाऱ्यांनी निदान कल्याणात तरी हे बोलू नये. 1865 साली याच कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा, नवरा मागे, सोबत मिशनरी बायकांची. त्यांच्या पदवीदानासाठी 1886 साली फिलाडेल्फियाला आलेल्या पंडिता रमाबाई पुढे 1888 च्या अखेरीपर्यंत अमेरिकेत व्याख्याने देत हिंडल्या आणि 1889 मध्ये त्या देशावर मराठीत पुस्तक लिहून मोकळ्या झाल्या. आनंदीबाईंची रक्षा न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीच्या दफनभूमीत आहे. ग्रँड सेंट्रलहून पोकीप्सीला उपनगरी गाडी जाते, दोनेक तासांत, हडसनच्या काठाकाठाने. जाताना डावीकडची खिडकी धरावी. नायगाराकडे धावणाऱ्या टूर बसला या फाट्यावर थांबायला वेळ नसतो.

जेवणाची भीतीही अर्धवट माहितीवर पोसलेली. अमेरिकेहून पुढे शेजारी गेलात, तरी मेक्सिकोत बीन्स आणि मक्याची भाकरी पोट भरते. फक्त बीन्समध्ये डुकराची चरबी घातली आहे का, हे विचारून घ्यावे. (अमेरिकेचा चालू व्हिसा असला की भारतीयाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही.) त्रिनिदादला तर व्हिसाच लागत नाही. पोर्ट ऑफ स्पेन मराठी माणसाला ठाऊक आहे ते 1971 साली वाडेकरांच्या संघाने तिथे कसोटी जिंकली आणि गावसकर त्याच सामन्यात पहिल्यांदा खेळले म्हणून. तिथे रस्त्यावर ‘डबल्स’ मिळतात: दोन मऊ ‘बारा’ पुऱ्या आणि त्यांत मसालेदार चणे. 1845 पासून कलकत्त्याहून गेलेल्या गिरमिटिया मजुरांच्या वंशजांचा हा नाश्ता मूळचाच शाकाहारी आहे.

आपल्याआपण म्हणजे वाटाड्याही नको, असा हट्ट मात्र कुणी धरू नये. दक्षिण अमेरिकेच्या गालापागोस बेटांवर राष्ट्रीय उद्यानाच्या बहुतेक ठिकाणी परवानाधारक निसर्ग-मार्गदर्शकाशिवाय जाताच येत नाही, आणि ते योग्यच आहे.

राहिला पैसा. 2026 पासून अमेरिकी उद्यानांचा वार्षिक पास परदेशी पाहुण्यांना 80 ऐवजी 250 डॉलरला पडतो. तो नसेल तर ग्रँड कॅन्यन, योसेमिटी, यलोस्टोनसह 11 उद्यानांत नेहमीच्या प्रवेशशुल्कावर माणशी 100 डॉलर जादा. म्हणजे पास न काढता चार उद्याने धावत पाहणाऱ्याला चारदा भुर्दंड, आणि एकातच चार दिवस राहणाऱ्याला एकदाच. वाचलेल्या डॉलरांतून आधी आरोग्य विमा काढावा, आणि अर्जात मधुमेह, रक्तदाब लपवू नये. दावा नेमका त्याच कारणावरून फेटाळला जातो.