बॉक्स वाढवू नका, जागा बदला

माघी गणेशोत्सव असो, लग्नातली हळद असो की शाळेचे स्नेहसंमेलन असो, आमच्या कर्जत-खालापूर भागात ऑर्केस्ट्रा किंवा बेंजो पथकावाचून समारंभ पुरा झाला असे हल्ली कोणाला वाटत नाही. मंचाच्या दोन्ही टोकांना बॉक्सची उतरंड रचली जाते. कार्यक्रम रंगात येतो आणि बाजूला बसलेला कोणीतरी ओरडतो, ‘‘बेस येत नाही!’’ मग आवाज वाढवतात. पुढच्या वर्षी वर्गणी वाढवून आणखी दोन बॉक्स मागवतात. हा उपाय चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. उणीव बहुधा बॉक्सच्या संख्येत नसते, त्यांच्या जागेत असते. आणि हे समजायला शाळेतले पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

बेस गिटारचेच उदाहरण घेऊ. तिच्या सर्वांत जाड तारेची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, सुमारे ४१ हर्ट्झ असते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला, तर या स्वराची तरंगलांबी ३४५ भागिले ४१, म्हणजे जवळजवळ ८.४ मीटर येते. एक तरंग वर्गाच्या खोलीएवढा लांब! उलट १,००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जेमतेम ३५ सेंटिमीटर भरते. सारा घोटाळा या फरकात आहे.

समजा, मंच १० मीटर रुंद आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना बेसचा एकेक बॉक्स आहे. बरोबर मध्यरेषेवर बसलेल्या श्रोत्यापर्यंत दोन्ही तरंग एकाच वेळी पोचतात व एकमेकांत मिळतात. परंतु मंचापासून २० मीटर पुढे आणि मध्यरेषेपासून साडेनऊ मीटर बाजूला जो बसला आहे, त्याला एक बॉक्स दुसऱ्यापेक्षा ४.२ मीटर दूर पडतो. ही बरोबर अर्धी तरंगलांबी झाली. एका तरंगाचा उंचवटा तेथे दुसऱ्याच्या खोलगट भागावर येऊन पडतो आणि तो स्वर जवळजवळ नाहीसा होतो. यालाच आपण विनाशक व्यतिकरण म्हणतो. गंमत अशी, की त्याच जागी ८२ हर्ट्झचा, म्हणजे एक सप्तक वरचा स्वर दणक्यात ऐकू येतो; कारण त्याच्या दृष्टीने ४.२ मीटर ही एक पूर्ण तरंगलांबी आहे. वादक एकसारखे वाजवत असतो, पण श्रोत्याला काही स्वर मोठे आणि काही मुके वाटतात.

आता आवाज दुप्पट केला तर काय होईल? दोन्ही तरंग सारखेच वाढतील आणि एकमेकांना पूर्वीसारखेच खोडून काढतील. शून्याची दुप्पट शून्यच! बाजूच्या श्रोत्याची तक्रार तशीच राहते आणि शिक्षा होते ती पुढे बसलेल्या लहान मुलांना. मोकळ्या मैदानात अंतर दहापट कमी झाले, की ध्वनीची पातळी सुमारे २० डेसिबलनी वाढते. वीस मीटरवरच्या माणसासाठी वाढवलेला आवाज दोन मीटरवरच्या मुलाच्या कानात काय करीत असेल, याचा विचार मंडळांनी करावा. अतितीव्र आवाजाने कानातल्या नाजूक संवेदक पेशी मेल्या, की त्या पुन्हा उगवत नाहीत.

मग करावे काय? बेसचे दोन्ही बॉक्स एकत्र, मंचासमोर मधोमध ठेवावेत. त्यांच्यातले अंतर तरंगलांबीच्या मानाने नगण्य झाले, की सगळ्या दिशांना दोन्ही तरंग मिळूनच जातात. एका बॉक्सच्या तुलनेत ध्वनीचा दाब दुप्पट होतो, म्हणजे पातळी ६ डेसिबलनी वाढते, आणि तीही कोणा एका रांगेपुरती नव्हे. बॉक्ससमोर चार-पाच मीटरवर दोरी बांधावी आणि मुलांना तिच्या मागे बसवावे. सभागृहात आणखी एक पथ्य पाळावे. बॉक्सच्या मागे दोन मीटरवर भिंत असेल, तर परावर्तित तरंग चार मीटर जास्त चालून येतो आणि ४३ हर्ट्झच्या आसपासचे स्वर खातो. म्हणून बेसचा बॉक्स भिंतीला टेकवूनच ठेवलेला बरा.

बेस गिटारचे बॉक्स मध्यम स्वरही देतात. असे दोन बॉक्स शेजारी ठेवले, तर मध्यम स्वरांचा झोत आडव्या दिशेने अरुंद होतो. एकावर एक ठेवले, तर तो उभ्या दिशेने अरुंद होतो आणि डावी-उजवीकडच्या श्रोत्यांना सारखे ऐकू येते. श्रोते जमिनीवर बसतात, झाडावर नव्हे. तेव्हा उभी रचनाच चांगली.

‘‘मंच दोन्ही बाजूंनी भरलेला दिसायला हवा,’’ असे साउंडवाले म्हणतील. त्यालाही हरकत नाही. वरच्या स्वरांचे बॉक्स दोन्ही बाजूंना उंचावर खुशाल असावेत. त्यांची तरंगलांबी इतकी लहान असते, की सबळ-दुर्बळ जागा अगदी जवळजवळ येतात व कानाला खटकत नाहीत. मधोमध आणायचा तो फक्त बेस.

याचा संबंध शेजारधर्माशीही आहे. लांब तरंग घरांना वळसा घालतात आणि भिंतींतूनही पार जातात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण हे मोजमाप कानाच्या संवेदनेशी जुळवलेले असल्याने ४० हर्ट्झच्या ध्वनीला ते सुमारे ३५ डेसिबलनी कमी लेखते. काटा मर्यादेत आणि आजारी माणसाच्या खिडकीची तावदाने थरथरताहेत, असे होऊ शकते. तेव्हा विनाकारण वाढवलेला बेस केवळ काट्यावर विसंबून माफ करू नये.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. व्यतिकरणाचा पाठ फळ्यावर संपवू नका. शाळेच्या मैदानात दोन छोटे स्पीकर दोन मीटर अंतरावर ठेवा आणि मोबाइलवरून दोहोंना ३४५ हर्ट्झचा एकच स्वर हळू आवाजात द्या. तरंगलांबी बरोबर एक मीटर होईल. एक कान बोटाने बंद करून मुलांना स्पीकरांसमोर आडवे चालू द्या आणि जेथे आवाज मंदावेल तेथे चुन्याच्या फक्कीने खूण करायला सांगा. मग एका स्पीकरच्या दोन तारा उलटसुलट जोडा. पूर्वीच्या मंद जागा मोठ्या होतील आणि मध्यरेषेवर शांतता पसरेल. बेसच्या बॉक्सची एक तार चुकून उलट जोडली गेली, तर नेमके हेच घडते.

येत्या स्नेहसंमेलनाला बॉक्स कोठे ठेवायचे, हे दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी फूटपट्टी, कागद आणि थोडा भागाकार वापरून ठरवावे. त्यांचे म्हणणे साउंडवाल्याच्या गळी उतरले, तर वर्गणी वाचेल, कान वाचतील आणि शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही गाणे नीट ऐकू येईल. परीक्षेतल्या पाच गुणांपेक्षा ही कमाई नक्कीच मोठी आहे.