बोटे मोडा, पण...

बोटे मोडल्याबद्दल पारितोषिक? बातमी वाचून मला हसूच आले. अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड अंगर यांना लहानपणी आई अन् मावश्या बजावत, "बोटे मोडू नकोस, संधिवात होईल!" पठ्ठ्याने सुमारे ६० वर्षे डाव्या हाताची बोटे रोज मोडली, उजव्याची सोडली. संधिवात दोन्ही हातांना नाही! २००९ साली त्यांना 'इग नोबेल' हे गमतीचे पारितोषिक मिळाले.

तो आवाज हाडांचा नव्हे, सांध्याच्या वंगणातील वायूच्या बुडबुड्यामुळे होतो. अर्थात, एका माणसावरून शास्त्र ठरत नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. सुजलेली बोटे घेऊन आलेली बाई सांगते, "डॉक्टर, मोडायची सवय ना!" आणि खरा आजार अंगावर काढते. सकाळी बोटे तासभर आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर लगेच दाखवा. मग माझ्या नावाने बोटे मोडायची वेळ येणार नाही!