अंगणवाडीचे पहिले वर्ष

मृग लागला की गावात दोन कामे एकाच आठवड्यात अंगावर येतात. एक पेरणीचे आणि दुसरे तीन वर्षांच्या पोराला अंगणवाडीत घालायचे. बियाणे कोणते, खत किती, ट्रॅक्टर कोणाचा सांगायचा याचा खल पारावर महिनाभर आधीपासून चालू असतो. पोराचे काम मात्र "जा, सोडून ये त्याला" एवढ्यात उरकते. आणि पोळ्याच्या सुमाराला घरोघरी तक्रार सुरू होते : "इतके दिवस झाले, अजून 'अ' काढता येत नाही. नुसती खिचडी खाऊन येतंय. तालुक्याच्या नर्सरीत टाकू."

वाचकहो, असा निर्णय घेण्याआधी त्या वर्षात काय घडते ते नीट बघा. आमच्या घरची धाकटी गेल्या जूनमध्ये अंगणवाडीत जाऊ लागली. पहिले पंधरा दिवस नुसता आकांत. सेविकाबाई शहाण्या. आजीला त्यांनी चार दिवस आत बसवून घेतले, मग उंबऱ्यावर, मग झाडाखाली, आणि एके दिवशी पोरीच्या लक्षातही आले नाही की आजी घरी गेली. श्रावणात तिने हात न धुता जेवायला बसलेल्या आजोबांना दटावले. दिवाळीनंतर घरातली तूर, मूग, हरभरा वेगवेगळ्या वाट्यांत निवडू लागली आणि "हे जास्त, हे कमी" सांगू लागली. पाहुणा आला की आईच्या पदराआड जाणारी पोर संक्रांतीला नाव विचारताच आडनावासकट सांगून मोकळी झाली. चैत्र आला तरी 'अ' काढता येत नव्हता. पण बाजारात काय काय पाहिले ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधले काही न गाळता, सांगता येत होते.

आता याला शिक्षण म्हणायचे की नाही? तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल पेलण्याचे बळ आलेले नसते. मातीचे गोळे करणे, मणी ओवणे, कागद फाडणे ही त्या बोटांची मशागत. वाट्यांतली डाळ हेच गणित आणि बाजाराची हकिगत हीच भाषा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पहिलीच्या आधीची तीन वर्षे खेळातून शिकण्याचीच धरली आहेत. कांदा लावणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. रोप सहा-सात आठवडे गादीवाफ्यावर राहते. पंधराव्या दिवशी उपटून लावले तर काय होते ते आपण जाणतो. खरी नर्सरी ती, आणि ती आपल्या वस्तीवर आहे. सकाळी सातला जीपमध्ये कोंबून, घरी कोणी बोलत नाही त्या भाषेत पाठांतर करायला धाडायचे, हा तीन वर्षांच्या जिवाला जाच आहे. आईबापांची माया त्यामागे असते हे आम्हाला मान्य आहे. आपल्या वाट्याला आलेले पोराच्या वाट्याला येऊ नये, एवढीच त्यांची धडपड.

पण त्यातून होते काय? ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे त्यांची पोरे आधी निघून जातात. मागे राहतात मजुरांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची. मग नळ तुटला, पत्रा उडाला, तरी विचारणारे कोणी उरत नाही. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा जी मुले बालवाडीपर्यंत येत नव्हती त्यांच्या अंगणातच त्यांनी बालवाडी नेली. अंगणवाडी हे नाव तिथले. १९७५ पासूनची सरकारी योजना त्याच नावाने गावोगाव आहे. ज्यांच्यासाठी ती निघाली तेच आज तिच्यात एकटे पडत आहेत.

सरपंच आणि भाऊसाहेब यांच्याशीही दोन शब्द बोलायचे आहेत. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते कागदावर शिलाई यंत्रात जिरवू नका. अंगणवाडीला पाणी आहे का, संडास पोराच्या उंचीचा आहे का, हे आधी बघा. दुसरे, सेविकाबाईंवर लादलेली कामे. वजने, लसीकरण, गृहभेटी, नोंदवह्या आणि आता मोबाईलवरची माहिती; एवढे करून पोरांसाठी वेळ उरतो किती? पगार नाही, मानधन. त्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर संप झाला, तो जानेवारी २०२४ पर्यंत चालला. आपण त्या वेळी "खिचडी बंद" एवढेच बोललो. जूनपासून कशीबशी रुळलेली पोरे त्या काळात घरी बसून पुन्हा आईला चिकटली, याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

या पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत अंगणवाडीचा विषय मांडा, आणि सेविकाबाईंना बोलायला उभे करा. त्याआधी एक सकाळ, पेरणी आटोपली की, स्वतः तिथे अर्धा तास बसून या. बापांनीसुद्धा. पोराला सोडायला आजी आणि आईनेच जायचे, असे कुठे लिहिलेले नाही.