'उसनी घटना' म्हणणाऱ्यांनो, आधी वाचा तरी!

मंडळी, २६ जानेवारी जवळ आला की एक तक्ता फिरू लागतो. मूलभूत हक्क अमेरिकेचे, संसदीय पद्धत ब्रिटनची, मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडची... आणि खाली शेरा, "यात आपले असे आहेच काय?" स्पर्धा परीक्षेच्या गाइडातला हा तक्ता चांगली शिकलेली माणसे, आपले नातेवाईकसुद्धा, न वाचता पुढे ढकलतात याची मला चीड येते. मी वर्षानुवर्षे नागरिकशास्त्र शिकवले. तक्ता पाठ होणे म्हणजे विषय कळणे नव्हे, हे आठवीतल्या मुलांनाही सांगावे लागे. आता मोठ्यांना सांगायची वेळ आली आहे.

पूर्वी सबब तरी होती. तालुक्याच्या गावी आयर्लंडची घटना कुठून मिळणार? आज ती सबब उरलेली नाही. कॉन्स्टिट्यूट नावाचे संकेतस्थळ २०१३ पासून आहे. जगातल्या बहुतेक देशांच्या घटना तिथे इंग्रजीत फुकट वाचता येतात, दोन घटना शेजारी-शेजारी लावूनही बघता येतात. आपल्या घटना समितीतल्या चर्चाही आंतरजालावर आहेत.

तर आयर्लंडचेच पाहू. त्यांची घटना १९३७ ची. तिचे कलम ४५ सांगते की ही तत्त्वे संसदेच्या मार्गदर्शनासाठी आहेत, न्यायालयाने त्यात पडायचे नाही. आपले कलम ३७ ही न्यायालयाला बाजूला ठेवते. पण पुढे म्हणते की ही तत्त्वे देशाच्या कारभारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. हे पुढचे वाक्य तिकडे नाही. आपल्याकडच्या ग्रामपंचायती (कलम ४०), कुटिरोद्योग (४३), दारूबंदी (४७) याही तिकडच्या यादीत नाहीत. आणि अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ कुठल्या देशाकडून उसने आणले, ते तक्तेवाल्यांनी सांगावे!

उसनवारीच्या आरोपाला डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजीच उत्तर दिले होते. घटनेच्या मूळ कल्पनांवर कुणाची मालकी नसते, त्या घेण्यात लाज कसली, असा त्यांचा मुद्दा होता. १९३५ च्या कायद्यातून बरेच घेतले आहे हेही त्यांनी लपवले नाही.

आता नुसत्या अभिमानाच्या घोषणा देणाऱ्यांसाठीही दोन शब्द. मोफत प्राथमिक शिक्षणाची सोय राज्याने करावी, हे आयर्लंडने मार्गदर्शक तत्त्वांत न ठेवता वेगळ्या कलमात, ४२ व्या, घातले. आपण १४ वर्षांपर्यंतचे मोफत शिक्षण मार्गदर्शक तत्त्वांत टाकले, दहा वर्षांत देण्याचा 'प्रयत्न' करू म्हणून. त्याचा हक्क झाला २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने, आणि तो अमलात आला १ एप्रिल २०१० ला. दहाची साठ वर्षे झाली! मधल्या काळात किती मुले वर्गाबाहेर राहिली, हे शिक्षकाला कुणी सांगायला नको. तुलना केली की अशी आपलीही उणीव दिसते. मला वाटते, म्हणूनच ती कुणी करत नाही.

"पण कागद वाचून देश कळतो का?" असे कुणी विचारील. नाही कळत. उत्तर कोरियाच्या घटनेतही भाषणस्वातंत्र्य, वृत्तपत्रस्वातंत्र्य लिहिलेले आहे. तेव्हा कलमाशेजारी त्या देशाचा इतिहास, तिथली न्यायालये हेही पाहावे लागते. पण म्हणून कागदच वाचायचा नाही, हा कुठला न्याय?

संपूर्ण घटना वाचा असे मी म्हणत नाही. एक कलम घ्या, दुसऱ्या देशातले तसेच कलम शेजारी ठेवा, अर्धा तास द्या. नातवंडांना बरोबर घेतलेत तर उत्तमच. तेवढे केल्यावरही तक्ता पुढे पाठवावासा वाटला, तर खुशाल पाठवा. वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे.