वार्ता आणि मत

लासलगांवचा कांद्याचा भाव वर्तमानपत्रांत पाहून गाडी भरावयाची कीं नाहीं, हें आपल्यापैकीं पुष्कळांनीं ठरविलें असेल. त्या आंकड्यावर आपण विसंबतों, कारण तें कोणाचें मत नव्हे. आतां ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली होती, ती वार्ता घ्या. तिच्या मथळ्यांतच कोणी ‘दिलासा’ किंवा ‘घात’ हा शब्द घातला, तर वाचकापुढें वार्ता पोहोंचण्यापूर्वींच निकाल पोहोंचतो. आणि असें दोन-चार वेळां झालें कीं शेजारच्या रकान्यांतील भावाकडेही तो संशयानें पाहूं लागतो.

संपादकांनीं मत देऊंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. मताविना पत्र म्हणजे नुसतें जाहिरातींचें बाड! पण त्याची जागा अग्रलेखांत. पिठांत मीठ कालविल्यावर तें वेगळें काढतां येत नाहीं.

या बाबतींत ‘केसरी’वरील पहिलें संकट आठवण्याजोगें आहे. १८८१ त निघालेल्या ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनीं, कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतो असें धरून दिवाण माधवराव बर्वे यांजवर कडक टीका केली. तिला आधार होता कांहीं पत्रांचा, आणि तीं पत्रें बनावट ठरलीं. टिळक व आगरकर यांनीं माफी मागितली. तरी १८८२ त त्यांस चार महिन्यांची शिक्षा झाली व १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढावे लागले. सुटल्यावर लोकांनीं त्यांचें स्वागतच केलें. महाराजांविषयींची कळकळ लोकांस दिसत होती हें खरें, पण चूक उघड कबूल केल्याचाही त्यांत वांटा असावा, असें आम्हांस वाटतें. मात्र कळकळ इतकी तापली कीं कागद पारखण्यास धीर उरला नाहीं, हा दोष राहतोच.

पुढें सामाजिक सुधारणेवरून सहकाऱ्यांशीं पटेना, तेव्हां आगरकरांनीं १८८७ त ‘केसरी’चें संपादकत्व सोडलें व १८८८ त ‘सुधारक’ काढलें. कोणतें मत कोठें मिळेल हें वाचकास ठाऊक झालें; फसवणूक कोणाचीच झाली नाहीं.

दुसऱ्यांस शिकवितांना आपलें घरही पाहिलें पाहिजे. गेल्या हंगामांत याच मासिकाच्या वृत्तसदरांत एका नव्या बियाण्याची भरभरून स्तुति आली होती. उतारा कोणी मोजला, असें दोन सभासदांनीं विचारलें. कोणीच मोजला नव्हता. त्यांचीं पत्रें याच अंकांत, त्याच सदरांत, छापलीं आहेत.